गाद्यांना ऊन दाखवलं आहे

माझं उभं आयुष्य 'हॅव' आणि 'हॅज' यांच्यात गेलं. कुणाचं कोर्टात जातं, कुणाचं शेतात, माझं इथे गेलं. दिवाळी अंकासाठी त्यावर लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी हसले. फराळाचं ताट बाजूला सारून इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ कोण वाचत बसणार? वर्गात निदान दार लावून घेता यायचं, इथे वाचक केव्हाही पान उलटू शकतो. तरी लिहिते आहे, कारण या काळाने मला पगार दिला, निवृत्तीनंतर माणसं दिली आणि मग ती एकेक करून परतही नेली.

ज्यांचा इंग्रजीशी संबंध शाळेबरोबरच सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही. 'मी दार लावलं' असं म्हटलं की गोष्ट संपली. नंतर ते वाऱ्याने उघडलं असेल, मांजराने उघडलं असेल, आपल्याला विचारायचं कारण नाही. पण 'मी दार लावलं आहे' म्हटलं की ते दार आत्ता, या घडीला लागलेलं असायला हवं. काम मागे होऊन गेलं, पण ते अजून समोर उभं आहे, हवं तर जाऊन बघा. इंग्रजीत हे सांगायला हॅव किंवा हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप लागतं. मुलं त्या तिसऱ्या रूपाला उगाच घाबरतात. ते पाठ होऊन जातं. 'जाऊन बघा' असं म्हणण्याची तयारी मात्र पाठांतराने येत नाही, हे मला शिकवता शिकवता कळलं.

मी मूळची वडिवळ्याची. आमच्या वस्तीतली इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली पहिली मुलगी, म्हणून वडिलांनी कामशेतच्या बाजारात ओळखीच्या आणि अनोळखी अशा सगळ्यांना पेढे वाटले होते. नोकरी लागली ती पवना धरणाच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत. पोरं धरणाकाठच्या लांबलांबच्या वाड्यांतून यायची, जीपच्या मागे लोंबकळत, पावसात गुडघाभर चिखल घेऊन. इंग्रजीचा तास आला की सगळ्यांच्या माना खाली. मग मी हजेरीचा नेमच बदलला. 'प्रेझेंट मॅडम' म्हणायचं नाही, 'आय हॅव कम' म्हणायचं. आणि जी आली नसेल तिच्या शेजारणीने उभं राहून सांगायचं, 'शी हॅज नॉट कम यट.' 'नॉट कम' म्हणजे आली नाही. पुढे 'यट' लावला की अजून आलेली नाही, म्हणजे येणार आहे, आपण वाट बघतो आहोत. मुलांना तो 'यट' फार आवडायचा. पावसात जीप कुठे अडकली की निम्मा वर्ग उरलेल्या निम्म्या वर्गाच्या वतीने 'यट, यट' करत राहायचा.

एकदा तपासणीला आलेले साहेब दारातच थबकले. "बाई, ही हजेरी आहे की कवायत?"

"सर, बाकी काही आलं नाही तरी एक वाक्य न अडखळता बोलतील," मी म्हटलं.

त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "व्हेअर इज युवर फ्रेंड?"

"शी हॅज नॉट कम यट!" पोरीने ठणकावून सांगितलं.

"व्हाय?"

'व्हाय' मी अजून शिकवलं नव्हतं. पोरगी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जीप, सर." साहेब हसत हसत पुढच्या वर्गात गेले.

आमच्या मावळातल्या माणसाला या काळात एक चूक हमखास होते, आणि ती मला आजवर कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडलेली नाही. आपण विचारतो, "कुठे आहेस?" तो सांगतो, "हा काय, आलोच!" म्हणजे तो अजून घरी आहे आणि चपला शोधतो आहे. हा 'आलोच' थेट इंग्रजीत जातो. माझे विद्यार्थी शाळेच्या चढणीखालून, दप्तर डोक्यावर धरून पळता पळता ओरडायचे, "आय हॅव कऽऽम!" मी खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, "नॉट यट!" पुढे माझ्या निवृत्तीनंतर पवनानगरच्या एका तंबूवाल्याने, माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने, याच चुकीपायी जवळपास मार खाल्ला. धरणाच्या काठी पाहुण्यांना तंबूत उतरवण्याचा त्याचा धंदा, नाव संतोष. त्याने पाहुण्यांना मेसेज केला, 'युवर डिनर हॅज कम.' पाहुणे ताटल्या मांडून बसले आणि इकडे वाऱ्याने शेगडीच पेटेना. रात्री त्याचा फोन. "बाई, तुमच्या इंग्रजीनं आज माझी चामडी गेली असती."

"तुला काय म्हणायचं होतं?"

"जेवन आलंच, येवढंच."

मी त्याला बजावलं की या काळात आलंच वगैरे चालत नाही, आलं असेल तरच आलं. आजही तो भेटला की पाया पडताना म्हणतो, "आलंच नको, आलं असंल तरच."

निवृत्तीनंतर मी लोणावळ्याला राहते. यजमान रेल्वेत होते, त्यांच्या नोकरीमुळे इथे घर घेतलं. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दोन खोल्या, मागे एक गच्चीचा तुकडा, दिव्याजवळ एक छोटी बुद्धमूर्ती आणि पावसाळ्यात भिंतींना धरणारी ओल, एवढा माझा संसार. शाळा सुटल्यावर पहिले काही महिने मी सकाळी उठून साडी नेसून बसायचे. मग समोरच्या खोलीत सतरंजी टाकली आणि बोलीभाषेच्या इंग्रजीचा वर्ग काढला. हॉटेलच्या काउंटरवरची मुलं यायची, टॅक्सीवाले यायचे, चिक्कीच्या दुकानातल्या मुली यायच्या. कुणाला संपूर्ण इंग्रजी नको असतं. प्रत्येकाला आपल्यापुरतं हवं असतं, आणि ते मला पटायचं.

या मंडळींसाठी मी एक नवा नेम केला. रोज दिवेलागणीला प्रत्येकाने मला फोनवर एक वाक्य पाठवायचं. पूर्ण वर्तमानकाळात, आज काय केलं आहे ते. अट एकच, वाक्य खरं हवं. खोटं वाक्य व्याकरणात बरोबर असलं तरी मी चूक धरायचे. मी उत्तर द्यायचे तेही एका शब्दाचं, 'करेक्ट' किंवा 'राँग'. एकेकाळी संध्याकाळी माझा फोन नुसता वाजत असायचा. कुणी गाडी धुतली आहे, कुणी आईला दवाखान्यात नेलं आहे, कुणी मालकाशी भांडलं आहे. गॅसवर चहा उतू जायचा आणि मी इकडे क्रियापदांची तिसरी रूपं तपासत असायचे.

विद्यार्थी शिकला की जातो. जायलाच हवा. कुणाला पुण्यात नोकरी लागली, कुणी लग्न करून गेलं, कुणाला वाक्य पाठवायचा कंटाळा आला. वाक्यं कमी कमी होत गेली. माझ्याही पायांनी कुरकुर सुरू केली, तसा वर्ग बंद केला. शेवटी एकाच माणसाचं वाक्य यायचं राहिलं, ते बबनभाऊंचं. त्यांच्याबद्दलच खरं म्हणजे मला लिहायचं आहे.

बबनभाऊ तुंगार्लीकडच्या एका बंगल्यावर माळी होते. लोणावळ्यात माळी म्हणजे नुसती बाग बघणारा माणूस असं कुणी समजू नये. मालक वर्षातून चार दिवस येतात, उरलेलं वर्ष ते घर माळ्याचं असतं. टाकी, मोटार, गवत, गळकं छप्पर, पावसाळ्याआधी भिंतींना बांधायच्या ताडपत्र्या, सगळं त्याच्याकडे. बबनभाऊ मूळचे लोहगडवाडीचे. लग्न झाल्यापासून ते आणि त्यांची बायको हौसाबाई बंगल्यामागच्या एका खोलीत राहत होते. मालकीणबाई पारशी, ठसक्यात मराठी बोलायच्या. त्या वारल्या आणि बंगला कॅनडातल्या मुलाकडे गेला. त्याला मराठीचा गंध नव्हता.

पहिल्या दिवशी बबनभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सतरंजीच्या कडेला बसले. वय माझ्याच आसपासचं. म्हणाले, "बाई, मला फकस्त एकच काळ शिकवा. बाकीचं नगं."

"कोणता?"

"जे केलंय ते केलंय, आसं सांगायचा."

इतक्या वर्षांत नेमका हाच काळ मागत माझ्या दाराशी कुणी आलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, कशासाठी हवा?

"आमच्या आळीतलं दोन बंगलं गेलं, बाई. मालक परदेशात. बंद घर, कुनी बगत न्हाई आसं वाटलं त्यास्नी, टाकलं इकून. हॉटेलवाल्यानं घेतलं, माळ्याला म्हनाला, गाठोडं बांध. आमच्या सायबाला रोज कळाया पायजे, का हितं घर जितं हाय. न्हाईतर आमी दोघांनी कुटं जायाचं?"

म्हणजे त्यांना इंग्रजी हवं होतं ते घर राखायला. मी दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली.

ठरलं असं, की बबनभाऊंनी वाक्य आधी मला पाठवायचं, मी तपासायचं, मग ते कॅनडाला जायचं. 'आय हॅव क्लीन्ड द टँक.' 'आय हॅव कट द ग्रास.' 'आय हॅव क्लोज्ड ऑल विंडोज.' एकदा आलं, 'वन स्नेक हॅज कम. आय हॅव नॉट किल्ड.' मी घाबरून फोन केला तर म्हणाले, धामण होती, गेली तिच्या वाटेनं. जुलैत ओळीने रोज एकच वाक्य, 'रेन हॅज नॉट स्टॉप्ड.' मी म्हटलं, "भाऊ, काहीतरी वेगळं लिहा."

"खरंच लिवायचं म्हनला ना तुमी? थांबलाच न्हाई तर काय करू?"

मला 'करेक्ट' पाठवावं लागलं.

खरेपणाची अट त्यांनी माझ्यापेक्षा कडक पाळली. हौसाबाई बाजारात भेटल्या की मला सांगायच्या, वाक्य पाठवल्यावर हा बाबा पुन्हा एकदा जाऊन गेट हलवून बघतो, लागलंय ना म्हणून. कॅनडाहून मात्र कधी उत्तर नाही आलं. फक्त मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटायच्या.

"बाई, वाचतोय का तो?" भाऊ अधूनमधून विचारायचे.

"दोन निळ्या खुणा आल्या म्हणजे वाचलं."

"मंग झालं."

काही महिन्यांनी त्यांची वाक्यं तपासायची गरज उरली नाही. पण आधी बाईंना, मग कॅनडाला, हा क्रम त्यांनी मोडला नाही, आणि मीही 'आता नका पाठवू' असं म्हटलं नाही. म्हणणार कशी? दिवसभरात माझा फोन वाजायचा तो त्यांच्यामुळे. सकाळी दूधवाला पिशवी अडकवून जातो, तोही न बोलता. 'हॅव यू ईटन?' म्हणजे 'जेवलात का?' हे मी हजारो मुलांकडून घोकून घेतलं आहे, पण मला ते विचारणारं घरात कुणी नाही. तेव्हा दिवेलागणीला मी चहा ठेवायचे, फोन ओट्यावर ठेवायचे आणि आज बंगल्यावर काय झालं आहे याची वाट बघायचे. त्या बंगल्यात मी एकदाही गेले नव्हते, पण त्याच्या खिडक्या, टाकी, चाफा, सगळं मला पाठ झालं होतं.

मग एका वर्षी पावसाळा सरला, लख्ख ऊन पडलं आणि एका संध्याकाळी वाक्य आलं, 'आय हॅव शोन सन टू द मॅट्रेसेस.'

गाद्यांना ऊन दाखवलं आहे. लोणावळ्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चार महिने इथे कपाटातल्या चपलेलासुद्धा बुरशी येते. पहिलं कडक ऊन पडलं की घरोघरी गाद्या, गोधड्या, कपडे बाहेर येतात. पण इंग्रजीत कुणी कुणाला ऊन दाखवत नाही. मी अंगठा फोनवर धरून बराच वेळ बसले. शाळेत असते तर लाल शाईने फुली मारली असती. योग्य शब्द मला येत होता, 'एअर्ड'. पण त्या योग्य शब्दात ऊन कुठेच नव्हतं, नुसती हवा होती, आणि भाऊंनी तर दिवसभर त्या गाद्या उलटसुलट करत उन्हामागे फिरवल्या असणार. मी 'करेक्ट' पाठवलं. आयुष्यात जाणूनबुजून चुकीचं इंग्रजी पास केलं ते त्या एकाच दिवशी.

पुढच्या थंडीत भाऊ धावत आले. साहेब येणार होता, स्वतः, पहिल्यांदाच.

"बाई, लिवायचं येगळं, बोलायचं येगळं. माझी जीभ वळायची न्हाई. तुमी या संगं." चेहरा मात्र आनंदी होता. "रोज वाचत हुता म्हनूनच येतोय ना?"

मलाही तसंच वाटलं. मी ठेवणीतली साडी नेसले आणि गेले.

बंगला मी मनात रंगवला होता त्याहून लहान होता. व्हरांड्याच्या फरशा इतक्या पुसलेल्या की पाय ठेवायला संकोच वाटावा. मुलगा म्हणजे पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, आईच्या वेताच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. अजून तो आत गेला नव्हता. हौसाबाईंनी चहा आणला. बबनभाऊ हात मागे बांधून ताठ उभे राहिले आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाले, "सर, आय हॅव क्लीन्ड द होल हाउस."

गृहस्थ उठून उभा राहिला. त्याने हात जोडले. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलू लागला. तुम्ही यांच्या शिक्षिका का? यांचा मेसेज येतो तेव्हा तिकडे माझी सकाळ असते. मी एकटाच राहतो. दिवसातला पहिला शब्द मला यांच्याकडून येतो. गाद्यांना ऊन दाखवलं, हे वाचून मी आधी खूप हसलो, आणि मग बसची वाट बघता बघता रस्त्यात रडलो. आईच्या गाद्या होत्या त्या. उत्तर काय द्यावं, ते मला कधी सुचलं नाही.

मी हे भाऊंना मराठीत सांगितलं. भाऊंनी हौसाबाईंकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं की मला वाटलं, जिंकलो आपण. इतकी वर्षं मी जे शिकवलं त्याचा काही उपयोग झाला असेल तर तो हाच.

मग तो गृहस्थ भाऊंच्या अगदी जवळ गेला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "बबन, आय हॅव सोल्ड द हाउस."

मी तोंड उघडलं, पण भाऊंनी हात वर केला. "कळलं, बाई. सांगू नका."

हौसाबाईंना भाषा कळत नव्हती, पण नवऱ्याकडे बघून त्यांनी रिकामे कप उचलले आणि आत निघून गेल्या. गृहस्थ मला समजावत राहिला की त्याला इकडे येऊन राहणं शक्य नाही, तिकडची परिस्थिती अशी आहे, तशी आहे. मी मान हलवत होते आणि मला त्याचा संताप येत होता. भाषा आली की घर राहील, असं मी भाऊंना कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण आम्ही दोघं बसलो होतो ते याच आशेवर. आणि संतापातही मला दिसत होतं की हा माणूस दुष्ट नाही. तोही माझ्यासारखाच रोज एका वाक्याची वाट बघत होता.

भाऊंनी फक्त एक विचारलं. "गाद्यांचं काय करनार, म्हनावं."

मी विचारलं. तो म्हणाला, तुम्हाला हवं ते घेऊन जा, काहीही. मग जरा घुटमळून म्हणाला, मेसेज मात्र बंद करू नका, प्लीज.

हे मी सांगितल्यावर भाऊ चाफ्याकडे वळले. "काय लिवू? घरच न्हाई तर गेट कुटलं लावू? खोटं लिवायचं न्हाई, हा तुमचा नेम हाय. त्येला सांगा तसं."

मी तसंच सांगितलं. गृहस्थाने मान खाली घातली.

चाव्यांचा जुडगा भाऊंनी टेबलावर ठेवला आणि त्याशेजारी फोनही. फोन बंगल्याचा होता, त्यातलं कार्ड मालकीणबाईंच्या नावावरचं होतं. तुम्हीच ठेवा, असं गृहस्थाने दोनदा म्हटलं. भाऊंनी ऐकलं नाही. बंगल्याची वस्तू बंगल्यात राहिली.

महिना उलटायच्या आत ती दोघं लोहगडवाडीला पुतण्याकडे गेली. गडावर जाणाऱ्यांसाठी पुतण्याचं चहाभज्यांचं छोटं हॉटेल आहे, त्याच्या हाताखाली काम करायला. निघताना भाऊ घरी येऊन गेले, पण गाडी थांबली होती म्हणून दारातूनच. फोन कधी घेणार, असं मी विचारलं नाही. आपल्याला वाक्य हवं आहे म्हणून दुसऱ्याला फोन घ्यायला लावायचा, हे मला बरं दिसेना.

पहिल्या संध्याकाळी मी सवयीने चहा ठेवला आणि फोन ओट्यावर ठेवला. चहा झाला, प्याले, कप धुतला. दुसऱ्या दिवशीही तेच. एकदा फोन वाजला तर तो कर्ज हवं का विचारणारा निघाला, आणि खरं सांगते, मी त्या माणसाशीही जरा वेळ बोलले. मला फार एकटं वाटलं. आजवर हा शब्द मी स्वतःबद्दल वापरला नव्हता. यजमान गेले तेव्हाही नाही, कारण तेव्हा दुसऱ्या दिवशी शाळा होती. आता दिवसभरात मी काय केलं आहे हे कुणाला सांगायचं नव्हतं, आणि कुणी काय केलं आहे हे मला कळणार नव्हतं. कॅनडातल्या त्या गृहस्थाची सकाळ आता कशी जात असेल, असंही एकदोनदा मनात आलं. राग तोवर गेला होता.

एका सकाळी उठले, डब्यात चार पोळ्या घेतल्या आणि निघाले. लोकलने मळवली एकच स्टेशन पुढे. तिथून रिक्षा केली. लोहगडवाडीचा चढ चढताना रिक्षावाल्याने मला आरशातून दोनदा बघून घेतलं. या वयाची बाई एकटी गडाखाली कशाला चालली आहे, असं त्याला वाटलं असणार. "आजी, गड चढनार व्हय?" त्याने विचारलंच.

"नाही. खालीच काम आहे."

"हाटेलाचं नाव काय?"

नाव मला माहीत नव्हतं. रांगेने दुकानं होती, सगळी सारखीच, निळ्या ताडपत्रीची. आता विचारायचं कुणाला म्हणून बघत होते, तेवढ्यात एका पडवीमागच्या उतारावर दोन जाडजूड गाद्या उन्हात टाकलेल्या दिसल्या. चांगल्या घराच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या. वाडीत अशा गाद्या कुणाकडे असायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, "इथेच थांबवा."

बबनभाऊ शेगडीपुढे बसून भज्यांचा दुसरा घाणा सोडत होते. आठवड्याचा मधला वार, गडावर गर्दी नव्हती. मला बघून त्यांनी झारा तसाच कढईवर धरला. "बाई? तुमी कशा काय हितं?" मग एकदम काही आठवल्यासारखे सावरून बसले आणि म्हणाले, "आय हॅव फ्राइड द भजी."

"करेक्ट," मी म्हटलं.

हौसाबाई आतून पदराला हात पुसत आल्या. "बाई, हितंबी रोज सांजंला चालूच हाय ह्यांचं. फोन न्हाई तर मला ऐकवत्यात. एक वाक्य बोलल्याबिगर जेवत न्हाईत. मला काय कळतंय, मी आपली व्हय म्हनती."

"खरंच असतंय पन," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे बघत, अगदी सहज, शेजारच्या बाकावरच्या मुलाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बाई, आमी येवढी वर्सं तुमाला सांगितलं. तुमी कदी न्हाई सांगितलं. आज काय केलंय तुमी?"

प्रश्न साधा होता. हा माझा काळ, माझा नेम, आणि मला वाक्य सुचेना. कपडे धुतले आहेत, औषध घेतलं आहे, हे काय सांगायचं? दोघंही थांबून राहिली होती. कढईतली भजी लाल होत चालली होती. मग मी शाळेतल्या पोरी उभ्या राहायच्या तशी उभी राहिले आणि म्हणाले, "आय हॅव कम."

"काय म्हनल्या?" हौसाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"आल्यात, म्हनत्यात."

"ते दिसतंय की," हौसाबाई म्हणाल्या आणि बाकडं पदराने पुसून पुढे सरकवलं. "मंग बसा म्हनावं."

मी बसले.